सोपवलेला हात

१

चष्मेवाल्याच्या दुकानामागे डोळे तपासायची एक लांबट खोली होती. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला उजेडाचा तक्ता, आणि त्यावर वरून खाली बारीक होत जाणारी अक्षरं. दिवसाकाठी दहा-बारा माणसं त्या खुर्चीत बसत. तो आपलं तोंड त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आणून काचा बदले आणि विचारी, "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?" बावीस वर्षं हेच चाललं होतं. इतक्या जवळून इतकी माणसं पाहिलेला दुसरा कुणी त्या रस्त्यावर नसेल, आणि त्यातलंच एखादं माणूस बाहेर भेटलं की ह्याची बोबडी वळे. स्वतःचा नंबर मायनस सहा. काचा जाड. चष्म्याशिवाय त्याला स्वतःचा हातसुद्धा नीट दिसत नसे.

घरी तो एकटाच होता. बायको आठ वर्षांपूर्वी लेकीला घेऊन दुसऱ्या गावी राहायला गेली. भांडण असं कधी झालंच नाही, कारण भांडायलाही दोन माणसं समोरासमोर बसावी लागतात आणि ह्याची खोड नेमकी तिथेच होती. ऐन वेळी अंग काढून घ्यायचं आणि आपल्या जागी कुणाला तरी पाठवून द्यायचं. शाळेच्या पालकसभेला मेव्हणा जाई. लेकीच्या नाटकाला शेजारच्या काकू जाऊन बसल्या. तिचा हात मोडला तेव्हा दवाखान्यात धावत गेला तो ह्याचा मित्र. लेक म्हणजे त्याचा जीव की प्राण होती, त्यात खोटं काही नाही. पण आपल्याकडे कुणी बघणार, आपल्याकडून काही अपेक्षा करणार, असं दिसलं की त्याच्या पोटात गोळा उठे आणि पाय दाराकडे वळत.

एकाच कामाला तो स्वतः बसे. रविवारी दुपारी फरशीवर पट मांडून लेकीबरोबर खेळायला. ती फासे लपवायची, सोंगट्या सरकवायची, आणि पकडली गेली की उलट त्यालाच ओरडायची. म्हणून तो तिला ठकी म्हणायचा. ती आता बावीस वर्षांची झाली होती आणि गेली सहा वर्षं तिचा फोन आला नव्हता. तो आला मंगळवारी, दुकानात, एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत असताना.

"बाबा, तुमच्याकडे बोर्डगेमचं संमेलन आहे ना, शुक्रवारपासून? मी रविवारी येतेय, मैत्रिणींबरोबर. तुम्ही येणार असाल तर एक डाव खेळू आपण."

"येतो की."

"नक्की? स्वतः या हं. कुणाला पाठवू नका."

ती हे हसत म्हणाली, पण हसणं वाक्याआधीच संपलं. त्याने दुकानावर तीन दिवसांची सुट्टी लावली. दोन दिवस अनोळखी लोकांबरोबर बसून सराव करू, भीड चेपली की रविवारी ठकीसमोर फजिती व्हायची नाही, असा त्याचा हिशेब होता. एवढ्या तयारीने तो कधी लग्नालाही उभा राहिला नव्हता.

२

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये दोनशे टेबलं मांडली होती. छत उंच, दिवे पांढरे, खिडकी एकही नाही. आत शिरल्या शिरल्या आवाज अंगावर आला. शेकडो ठिकाणी पत्ते पिसले जात होते, फासे पडत होते, आणि हजारभर माणसं हळू बोलत होती, त्या सगळ्याचा मिळून एकच आवाज झाला होता. तो कुठून येतोय ते सांगता येत नव्हतं.

नोंदणीच्या टेबलावर लाल टी-शर्ट घातलेली एक ताई होती. तिने त्याला एक कोरी पाटी दिली, पुठ्ठ्याची, दुमडून उभी राहणारी. "ज्या नावाने हाक मारायची ते लिहा. ही आपल्यासमोर टेबलावर उभी करायची." त्याने 'चष्मेवाला' लिहिलं. दुसरं काही त्याला सुचलं नाही.

"पहिल्यांदाच आलात? मग आमची एक पद्धत सांगते. इथे डाव तीन-तीन तास चालतात. मध्येच उठावं लागलं तर डाव मोडायचा नाही, हात सोपवायचा. मागे जो कुणी बघत उभा असेल त्याच्याकडे पत्ते द्यायचे, म्हणायचं, माझा हात चालवा. तो तुमच्या नावाने खेळतो. जिंकला तर तुम्ही जिंकलात. परत आलात की त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि 'मी आलो' म्हणा. तो उठतो."

"आणि परत आलो नाही तर?"

ताई पुढच्या माणसाची पाटी शोधत होती. "येतातच हो सगळे," ती म्हणाली.

त्याला एक्केचाळीस नंबरच्या टेबलावर बसवलं. तिथे एक दाढीवाला होता, त्याचाच तो खेळ. तो नियम असे रंगवून सांगत होता की ऐकणाऱ्याला वाटावं, खेळायची गरजच काय. एक दातांची डॉक्टरीण होती आणि एक तरुण जोडपं होतं. पटावर बेटं होती. प्रत्येकाने आपल्या बेटावरचं धान्य, लाकूड, मीठ दुसऱ्याला द्यायचं आणि मोठ्याने बोलून सौदा पटवायचा. पहिल्या दोन फेऱ्या त्याने मान हलवून निभावल्या. तिसऱ्या फेरीला दाढीवाला म्हणाला, "बोला चष्मेवाले, मीठ तुमच्याकडे आहे. काय भाव?"

चार चेहरे त्याच्याकडे वळले. चौघेही हसतमुख, चौघांनाही घाई नव्हती.

"एक मिनिट," तो म्हणाला आणि उठला. मागे कुणीतरी उभं होतंच. त्याने वर पाहिलं नाही. त्याला फक्त एक बाही दिसली आणि बोटं. "जरा माझा हात चालवता?"

"चालवतो की."

पत्ते त्याने पुरते पुढे करायच्या आतच त्याच्या हातातून निघून गेले होते. आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. दुकानात दिवसभर इतके आवाज कानावर पडतात, त्यातलाच एखादा असेल.

त्याने तोंड धुतलं. मग तो बाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभा राहिला. हॉलचं दार उघडलं की आवाज बाहेर येई, बंद झालं की तोडल्यासारखा थांबे. पंधरा मिनिटांनी त्याने दाराच्या काचेतून डोकावलं. एक्केचाळीस नंबरचं टेबल खदखदून हसत होतं. त्याच्या खुर्चीवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं आणि डाव छान रंगला होता. त्याला हायसं वाटलं, अगदी नेहमीसारखं. तो बस पकडून घरी गेला.

३

शनिवारी सकाळी ताईने ओळखीचं हसून मान हलवली. त्याने आपली पाटी मागितली.

"अहो, सकाळीच नेलीत ना? दार उघडायच्या आधी तुम्हीच पहिले उभे होतात."

इतकी माणसं येतात, तिचा घोळ झाला असेल. काल हात चालवणाऱ्याने पाटी परत केली नसेल एवढंच. तो आत शिरला आणि दहा पावलं जातोय तोच दाढीवाल्याने मागून पाठीवर थाप मारली.

"चष्मेवाले! काल काय लुटलंत हो आम्हाला. मीठ दिलंत एक पोतं आणि घेतलंत अख्खं बेट."

"मी कुठे..." तो म्हणाला. मग त्याला नियम आठवला. हात चालवणारा तुमच्या नावाने खेळतो. म्हणजे चष्मेवाल्यानेच लुटलं म्हणायचं. दाढीवाला विनोद करत होता आणि विनोदाला हसावं, म्हणून तो हसला.

चहाच्या स्टॉलपाशी डॉक्टरीण भेटली. तिने त्याच्यासाठीही कप भरून घेतला, न विचारता, बिनसाखरेचा. तो बिनसाखरेचाच घेतो. "तुमच्या मुलीची ती गोष्ट मी रात्री घरी सांगितली," ती म्हणाली. "फासा मोज्यात लपवला आणि मग लंगडत लंगडत शाळेत गेली. हसून हसून मुरकुंडी वळली आमची."

कप त्याच्या हातात होता. चहा गरम होता, बोटं भाजत होती, तरी त्याला तो खाली ठेवायचं सुचेना. मोज्यातल्या फाशाची गोष्ट खरी होती. ठकी तेव्हा सात वर्षांची होती. ती गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. सांगायला कुणी नव्हतंच. तिच्या आईलासुद्धा ती ठाऊक नव्हती, कारण तसं त्याचं आणि ठकीचं ठरलं होतं.

"कोणी सांगितली तुम्हाला?" त्याने विचारलं.

"हे घ्या. तुम्हीच." डॉक्टरीण हसली, मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे जरा निरखून पाहिलं. "बरं नाही का तुम्हाला? आत्ता तर तिकडे चांगले गप्पा मारत बसला होतात."

तिने कपानेच हॉलच्या पलीकडच्या टोकाकडे दाखवलं.

४

पलीकडच्या टोकाला भिंतीलगत एक गोल टेबल होतं. सात-आठ जण बसले होते, तेवढेच मागे उभे होते. टेबलावर पाटी होती. अक्षर त्याचं होतं. 'ष'चं पोट मोठं काढायची त्याला लहानपणापासून सवय, तसंच ते होतं. पाटीमागचा माणूस त्याला पाठमोरा, जरा तिरपा दिसत होता. अंगात करडा स्वेटर, केस मागून विरळ. असे स्वेटर बाजारात ढिगाने मिळतात, आणि पन्नाशीला आलेल्या पुरुषांची डोकी मागून सारखीच दिसतात, असं त्याने स्वतःला बजावलं.

मग त्याने चष्मा पाहिला. ही त्याची रोजची नजर, ती आपोआप जाते. फ्रेम त्याच्याच फ्रेमसारखी होती. पण काचेच्या कडेतून पलीकडचा पट दिसत होता, आणि पटावरची घरं होती तेवढीच दिसत होती. मायनस नंबरच्या काचेतून पलीकडची वस्तू लहान दिसते. जेवढा नंबर मोठा, तेवढी लहान. इथे काहीच लहान झालं नव्हतं. साधी काच होती, खिडकीला बसवतात तशी. नंबर नसताना माणूस चष्मा का घालेल, ते त्याला कळेना.

जायला हवं होतं, हे त्याला ठाऊक होतं. वीस पावलं जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, दोन शब्द म्हणायचे. तो निघालाही. वाटेत दोन टेबलं ओलांडली. तेवढ्यात तो माणूस काहीतरी म्हणाला आणि सगळं टेबल हसलं. हसणं खोटं नव्हतं. उभ्या असलेल्यांपैकी एकाने पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात टाकला, जुना दोस्त टाकेल तसा. आयुष्यात असा कुणी चष्मेवाल्याच्या खांद्यावर हात टाकला नव्हता.

तो थांबला. आत्ता जाऊन बसलो तर हे सगळे माझ्याकडे बघतील, त्याच्या मनात आलं. मग मला त्यांना हसवावं लागेल. आणि मला ते जमणार नाही, आणि एकेक जण काहीतरी कारण काढून उठेल. त्यापेक्षा तो खेळतोय ते बरं खेळतोय. माझंच नाव होतंय. उद्या ठकी येईल तेव्हा तिला भरलेलं टेबल दिसेल, बाबांना ओळखणारी माणसं दिसतील. तेव्हा जाऊन मी हात मागून घेईन. आयत्या मांडलेल्या डावावर बसायचं फक्त.

हा विचार त्याला इतका शहाणपणाचा वाटला की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. तो दुपारी तीनलाच घरी गेला. जाताना दाढीवाला समोरून आला. त्याने हात हलवला तर दाढीवाल्याने जरा अडखळून हात हलवला, कोण बरं हा, अशा चेहऱ्याने.

५

घरी दोन खोल्या. टीव्ही लावला तर आवाज, बंद केला तर फ्रिजचा आवाज. त्याने भात टाकला, एकट्यापुरता, आणि शिट्टी होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मग त्याने धीर केला आणि ठकीला फोन लावला. उद्या किती वाजता येतेस, एवढंच विचारायचं होतं.

"काय रे, काही विसरलास का?" ती म्हणाली.

ठकी त्याला अरे-तुरे करायची ती दहा वर्षांची होईपर्यंत. वेगळे राहायला लागले त्याच्या आधीच केव्हातरी ते 'तुम्ही' झालं होतं, आणि ते बदलताना त्याला जाणवलंही नव्हतं.

"उद्या," तो म्हणाला, "किती वाजता..."

"अकराला. आत्ताच तर ठरलं आपलं. अर्धा तास बोललास आणि लगेच विसरलास? म्हातारा झालास, बाबा." तिच्या आवाजात लडिवाळपणा होता. "आणि ऐक ना. ते तू म्हणालास ना, शाळेतल्या नाटकाचं. म्हणालास ते बरं झालं. मला किती वर्षं वाटायचं की तुला त्याचं काहीच वाटलं नाही."

"मी काय म्हणालो?"

ती हसली. "पुरे आता. झोप. उद्या बोलू."

फोन बंद झाल्यावर त्याने आधीचे कॉल पाहिले. मंगळवारचा तिचा एक होता आणि आत्ताचा हा एक. मधे काहीच नव्हतं. तिचं काहीतरी चुकलं असेल, कुणा दुसऱ्याशी बोलली असेल. पण दुसऱ्या कुणाशी ती शाळेतल्या नाटकाबद्दल कशाला बोलेल? तो पलंगावर बसला आणि बराच वेळ त्याला रडू येत राहिलं. भीतीचं होतं की कसलं, ते त्याला सांगता आलं नसतं. त्या नाटकाबद्दल काय बोलायचं, ते शब्द त्याने बारा वर्षं मनात घोळवले होते. ते आता बोलून झाले होते, आणि ते नेमके कसे बोलले गेले तेही त्याला माहीत नव्हतं.

६

रविवारी सकाळी चष्मा लावला तर सगळं वाकडं दिसायला लागलं. दाराची चौकट तिरकी, पायऱ्या खोल. काचा पुसल्या, तेच. डोकं गरगरलं म्हणून त्याने चष्मा काढला, आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं त्याला लख्ख वाचता आली.

संमेलन उघडायला दोन तास होते. तो दुकानात गेला, मागच्या खोलीतला तक्ता लावला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. पहिली ओळ. दुसरी. चौथी. सगळ्यात खालची ओळ, जी तरण्याताठ्या पोरांनाही अडखळत वाचावी लागते, ती त्याने उघड्या डोळ्यांनी घडाघडा वाचली.

"आता बरं दिसतंय," त्याने मोठ्याने विचारलं, "की मघाशी?"

खोली रिकामी होती. नंबर उतरतो कधीकधी, साखर खालीवर झाली की उतरतो, त्याने स्वतःला समजावलं. एखाद-दुसऱ्याने उतरतो. सहाने उतरलेला त्याने बावीस वर्षांत पाहिला नव्हता. त्याने तक्ता बंद केला आणि चष्मा खिशात टाकून तो निघाला, अर्धा रस्ता चालत आणि अर्धा जवळपास पळत.

"नाव नोंदवलंय का?" ताईने विचारलं.

"मी. चष्मेवाला. शुक्रवारी..."

तिने यादी पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं. मन लावून पाहिलं, त्याच्यावर उपकार करावेत तसं. "चष्मेवाले आत आहेत," ती म्हणाली. "तुम्ही त्यांचे पाहुणे का? मग हा बिल्ला लावा. ह्याने खेळता येत नाही हं, फक्त बघता येतं."

त्याने बिल्ला लावला. वाद घालायचा तर तिच्या डोळ्यांत बघून घालावा लागला असता, आणि मागे रांग लागली होती.

आत आवाज होता तसाच होता, फक्त आता तो आपल्याला वगळून चाललाय असं त्याला वाटलं. दाढीवाला ओळख न देता त्याच्या शेजारून गेला. डॉक्टरीण "जरा बाजूला होता का, दिसत नाहीये" म्हणाली आणि तिने मानसुद्धा वर केली नाही. तो बाजूला झाला.

भिंतीलगतच्या गोल टेबलावर तो माणूस बसला होता. आज बाकीची मंडळी नव्हती, त्याने जागा मोकळी करून ठेवली होती. समोर दोन माणसांपुरता पट मांडला होता, रविवारच्या दुपारी फरशीवर मांडला जायचा तोच खेळ. चष्मेवाला तिरपा मागे उभा राहिला. त्या चष्म्याच्या कडेतून त्याला पटावरच्या सोंगट्या दिसल्या. त्या मुगाच्या दाण्याएवढ्या दिसत होत्या. काचा जाड होत्या. मायनस सहा, त्याला मोजायची गरजच पडली नाही.

७

ठकी अकराला पाच कमी असताना आली. सहा वर्षांनी तो तिला पाहत होता. केस कापले होते. चालताना डावा खांदा थोडा पुढे यायचा, तो अजून तसाच येत होता. तिने दारातून हॉलभर नजर फिरवली. ती नजर त्याच्यावरून गेली, थांबली नाही, आणि पुढे जाऊन भिंतीलगतच्या टेबलावर थांबली. तिचा चेहरा फुलला. ती जवळजवळ धावतच निघाली.

ह्यानेही पाऊल उचललं. पण मधे खुर्च्या होत्या, मधे माणसं होती, "जरा जाऊ द्या" म्हटलं तरी कुणाला ऐकू जात नव्हतं. तो पोचला तेव्हा ती बसली होती. तिच्या मैत्रिणी दुसरीकडे गेल्या होत्या. फासे पडत होते. ती बोलत होती, किती बोलत होती. नोकरीचं, आईच्या गुडघ्यांचं, कुणा एका मुलाचं, ज्याला ती अजून घरी घेऊन आली नव्हती. समोरचा ऐकत होता. मधेच त्याने एक प्रश्न विचारला, अगदी नेमका, आणि तिचे डोळे भरून आले. मग ती हसली आणि डोळे पुसता पुसता तिने कोपराने त्याची एक सोंगटी मागे सरकवली.

"ठकी," समोरचा म्हणाला. "ठेव ती जागेवर."

ती खळखळून हसली.

चष्मेवाल्याला वाटलं, छाती फुटेल. इथून निघून जावं असं ह्या वेळी त्याला वाटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच पोटात गोळा नव्हता. बसायचं होतं, तिच्यासमोर, ती बघेल तितका वेळ. त्याने हात उचलला आणि त्या करड्या स्वेटरच्या खांद्यावर ठेवला. खांदा उबदार होता.

"मी आलो," तो म्हणाला.

काही झालं नाही. फासा पडला, सोंगटी चार घरं पुढे गेली.

"मी आलो," त्याने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

त्या माणसाने मागे न वळता आपला हात वर आणला आणि खांद्यावरच्या त्याच्या हातावर दोनदा हलकेच थोपटलं. आवाज हळू होता आणि त्यात कसलाही खुनशीपणा नव्हता. "तुम्ही कशाला त्रास घेतलात," तो म्हणाला. "मी आहे ना."

मेव्हणा हेच म्हणायचा. शेजारच्या काकू हेच म्हणाल्या होत्या. दर वेळी हे ऐकून त्याला बरं वाटलं होतं. आता त्याचा हात आपोआप खाली आला आणि तो परत उचलला जाईना.

ठकीने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत ओळख शोधायला त्याला वीतभर जवळ जायची गरज नव्हती. आता त्याला लांबचं सगळं स्वच्छ दिसत होतं. तिथे काही नव्हतं. होतं ते चांगल्या घरातल्या मुलीने परक्या माणसाशी दाखवावं तेवढं अगत्य.

"काका, हे टेबल भरलंय हो," ती म्हणाली. "तुम्हाला खेळायचं असेल तर दारापाशी त्या लाल टी-शर्टवाल्या ताई आहेत ना, त्यांना विचारा. त्या बसवतील कुठेतरी."

"ठकी," तो म्हणाला. "मी..."

ती दचकली. तिने समोर पाहिलं. "बाबा, तुझ्या ओळखीचे आहेत का हे?"

तेव्हा त्या माणसाने मान वळवली. चष्मेवाल्याला हनुवटीची कड दिसली आणि जाड काचेमागे आत ओढला गेलेला गालाचा भाग दिसला. हजारो चेहरे त्याने वीतभर अंतरावरून पाहिले होते. हा एक बघायचा होता, पूर्ण, नजर न काढता. त्याने खाली पाहिलं.

"नाही गं," तो माणूस म्हणाला. "पण बघू दे त्यांना उभं राहून. एकटेच आलेले दिसतात."

ठकीला ते पटलं. तिने खुर्चीशेजारची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, काकांना नीट उभं राहता यावं म्हणून.